अंड्यांचा रविवार

झरी, ता. तलासरी
सोमवार, सकाळ

कोसबाडच्या विहीणबाई श्रीमती तुळशीबाई यांना झरीच्या सोनीबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा. माझे आहेत तसेच आहेत. उजवा पुढे जातो आणि डावा तक्रार करत मागून येतो. तुमच्या चिकूला यंदा बहर चांगला आहे असं हर्षदाने सांगितलं, ऐकून आनंद झाला. (पेटी पाठवा असं सुचवत नाही. नुसता आनंद झाला.) फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे रेंज फक्त हातपंपाच्या चढावर येते, आणि तिथे उभं राहून बोललं की सगळा पाडा मधे मधे हुंकार देतो. शिवाय मी फोन केला की तुम्ही आवाज येत नाही म्हणून ठेवून देता. पत्राचं तसं नाही. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, अक्षर अजून वळणदार आहे.

पत्राचं कारण असं की एक रविवार माझ्या नावावर लावून घ्यायचा आहे आणि त्याला तुमची हरकत नसावी. आपल्या दोघींची नातवंडं दोनच, मनिष आणि निलम. सण वर्षभरात ढीगभर, पण माझ्या वाट्याला एकही येत नाही. हे मी भांडायला म्हणून लिहीत नाही. दिवाळीला माझा संदीप आणि तुमची हर्षदा मुलांना घेऊन कोसबाडला येतात, कारण तुमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे. गणपती त्यांच्या बोईसरच्या सोसायटीतच बसतो. शिमगा, म्हणजे आमच्या डोंगरातला सगळ्यात मोठा सण, दरवर्षी परीक्षेत जातो. (मनिष पहिलीत आहे. पहिलीतल्या पोराची परीक्षा ती केवढी असणार? माझ्या हाताखालून शेकडो पोरं अ आ शिकून गेली, पण मी कुणाची होळी बुडवली नाही.) तुमचे सण काढून घ्यावेत असं मनातही आणलं नव्हतं. मी नवीनच सण शोधला.

झालं असं की निलम फोनवर म्हणाली, आजी, आम्ही शाळेत अंड्याला डोळे काढले. मला वाटलं पोरगी तापात बडबडते आहे. मग हर्षदाने समजावलं की ईस्टर म्हणून ख्रिस्ती लोकांचा मोठा सण असतो, तेव्हा शाळेला लागून सुट्ट्या मिळतात, आणि सोसायटीतल्या काही घरांनी लहान मुलांसाठी नुसती गंमत म्हणून अंडी रंगवायची, लपवायची आणि मुलांनी ती शोधायची असं सुरू केलं आहे. त्यात पूजा नाही, प्रार्थना नाही, धर्माचं काही नाही. तरी दुसऱ्यांच्या सणात आपण हात घालतो की काय, ही शंका मला होतीच. म्हणून आरोग्य केंद्रातल्या आमच्या जुन्या नर्सबाईंना विचारलं, त्या ख्रिस्ती आहेत. त्या म्हणाल्या की त्यांचा सण त्या चर्चमध्ये करतील, मी माझी अंडी खुशाल रंगवावीत, फक्त उकडून घ्यावीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, विहीणबाई. हा सण कुणाच्या माहेरचा नाही आणि कुणाच्या सासरचा नाही. उपास नाही, मुहूर्त नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचं त्याच्याकडे लक्ष गेलेलं नाही. मी लगेच चढावर जाऊन संदीपला फोन केला आणि दरवर्षी या सुट्टीला मुलांनी झरीला यायचं असं ठरवून टाकलं. तो हो म्हणाला. (तो कामावर होता. कामावर असताना तो सगळ्यालाच हो म्हणतो, हे आईने ओळखायला हवं होतं.)

त्यानंतर पंधरा दिवस मी पाड्यात दुसरं काही बोलले नाही. आमच्याकडे या दिवसांत म्हातारेच उरतात. तरणी माणसं मुलाबाळांसकट वीटभट्टीवर, नाहीतर वापीला, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे दोन लहान पोरं येणार ही बातमी मोठीच होती. गावठी कोंबड्यांची अंडी तांबूस, त्यांच्यावर रंग दिसेना, म्हणून उधव्याच्या बाजारातून पांढऱ्या अंड्यांचा तीसचा ट्रे आणला आणि टमटममध्ये मांडीवर धरून घरी आले, तान्ह्या बाळासारखा. उकडताना चार फुटली. उरलेली सव्वीस हळदीत, बिटाच्या पाण्यात आणि शिमग्याला वाळवून ठेवलेल्या पळसाच्या फुलांत बुडवली. शेजारचा सुकऱ्या कुंपणावरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, ‘देव कुठला?’

‘देव नाही.’

‘मग निवद कोण खाणार?’

‘पोरं.’

त्याने जरा विचार केला आणि सण चांगला आहे म्हणाला.

शनिवारी दुपारी मुलं येणार होती. आल्या आल्या त्यांना शोधायला लावावं म्हणून मी सकाळीच सगळी अंडी लपवली. आंब्याच्या मुळाशी, गवताच्या उडवीत, चुलीच्या लाकडांत, कणगीमागे, हातपंपाच्या वाटेवरच्या दगडांत. निलम चार वर्षांची, म्हणून तिच्यासाठी खालच्या जागा. मनिषसाठी जरा अवघड. लपवताना मी एकटीच हसत होते, म्हणजे माझी काय अवस्था होती ते समजा. दुपारी कुणी आलं नाही. चार वाजता चढावर गेले तेव्हा फोन लागला. हर्षदा म्हणाली की सोसायटीत रविवारी अंडी शोधायचा मोठा कार्यक्रम ठेवला आहे, मुलांचे सगळे मित्र तिथे असणार, मनिष हटून बसला आहे, आणि संदीपची शिफ्टही बदलली आहे. मी म्हटलं, ‘असू दे, असू दे. मित्र हवेतच.’ मी असू दे किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. चढावरून उतरायला मात्र नेहमीपेक्षा वेळ लागला.

रविवारी सकाळी उठून मी माझी अंडी गोळा करायला निघाले. चौपन्न घरांची रजिस्टरं तोंडपाठ असणारी मी, पण स्वतः लपवलेली अंडी काही सापडेनात. टोपली घेऊन ओणवी होऊन अंगणभर फिरले. पंधरा मिळाली. अकरा कुठे ठेवली ते डोक्यातून पार गेलं होतं. तेवढ्यात वाटेवर गलका झाला. पाण्याला निघालेल्या पाड्यातल्या म्हाताऱ्या काळीला आंब्याच्या मुळाशी एक पिवळं आणि एक लाल अंडं दिसलं होतं, आणि ती हंडा तिथेच टाकून परत फिरली होती. हळदीचं अंडं झाडाखाली म्हटल्यावर कुणाच्याही मनात एकच येतं. दहा मिनिटांत सगळे म्हातारे जमले. कुणी करणी केली, कुणावर केली, यावर चर्चा सुरू झाली, आणि भगत म्हणून लडक्याला बोलावणं गेलं.

आता गंमत बघा, विहीणबाई. असलं काही नसतं म्हणून याच लोकांना तीस वर्षं सांगत आले ती मी, आणि ही करणीसुद्धा माझीच. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य तोंडातून निघेना. कारण अंडी माझी म्हटलं की पुढचा प्रश्न पोरं कुठे आहेत हाच येणार होता, आणि मी तर पंधरा दिवस दवंडी पिटली होती. खरं सांगते, क्षणभर वाटलं की लोकांना करणी वाटते तर वाटू दे, तेवढं चालेल. लडक्या आला, काठी टेकून खाली बसला आणि अंड्याकडे बघत राहिला. काळी आंब्याकडे पाठ करून पदरात तोंड लपवून बसली होती. तिच्याकडे बघून मग मला राहवलं नाही.

मी म्हटलं, ‘ती माझी आहेत. नातवंडांसाठी लपवली होती. ती आली नाहीत.’

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. लडक्याने पिवळं अंडं उचललं, हुंगलं, दगडावर आपटून सोललं आणि खाल्लं. (रात्रभर बाहेर राहिलेलं खाऊ नको असं मी म्हणेपर्यंत ते गेलं होतं. आज सकाळी तो धडधाकट दिसला.) मग म्हणाला, ‘मीठ पाहिजे होतं. अजून किती आहेत?’

नऊ आहेत, पण कुठे ते मला ठाऊक नाही असं मी सांगितलं. तो उठला आणि काठीने गवत उचकू लागला. त्याच्या मागून सुकऱ्या, मग काळी, मग रूपी, जिला धड दिसतही नाही. साठीच्या पुढची चार माणसं माझ्या अंगणात वाकून अंडी शोधत होती आणि एकमेकांना ढकलत होती. रूपीने लाकडांतलं अंडं हाताने चाचपून काढलं आणि कुणाला हात लावू देईना. लडक्याने मधेच विचारलं की त्याची नातवंडं भट्टीवरून जूनमध्ये येतील, तोवर अंडं टिकेल का. मी नाही म्हटलं. ‘मग तेव्हा परत उकड,’ म्हणाला. आठ मिळाली, एक अजून बेपत्ता आहे. (दोन दिवसांत वासाने सापडेल.) दहा वाजता ऊन चढलं तसे सगळे आपापल्या घरी गेले. मी सालं गोळा केली, अंगण झाडलं. झाडून झाल्यावर परत एकदा झाडलं.

असो. सणाचा हा असा वृत्तांत आहे. तो रविवार माझ्याच नावावर राहावा एवढंच म्हणणं. औषध वेळेवर घ्या, उन्हात बागेत फिरू नका.

तुमची विहीण,
सोनीबाई

ता. क. हर्षदाला यातलं काही सांगू नका. पाडा जमला होता, मला बोलायला फुरसत नव्हती, असं मी तिला कळवलं आहे. खोटं नाही त्यात फारसं.

ता. क. दुसरा. मला वाईट बिलकुल वाटलेलं नाही. चुकून तसं वाटलं तर तो शाईचा दोष समजा.

ता. क. तिसरा, आणि मग पुरे. शनिवारी बोलता बोलता हर्षदा सहज म्हणून गेली की दिवाळीतही ते तुमच्याकडे दुपारी आले आणि संध्याकाळी निघाले. तुम्ही तर मला फोनवर घर नुसतं भरून गेलंय म्हणाला होतात. सहा महिने मी त्या भरलेल्या घराचा हेवा केला, त्याबद्दल माफ करा. तर विनंती अशी की पुढच्या वर्षी त्या रविवारी तुम्ही या. मुलं आली तर आली. तलासरीपर्यंत एसटीने या, पुढे मी टमटम घेऊन थांबते. उकडायचं, रंगवायचं सगळं मी बघेन. लपवायचं तेवढं तुम्ही करा. आपणच लपवलेलं आपणच शोधायचं, हे काही खरं नाही.