कामेनची भिंत

गोर्ना लोझा,
४ मार्च २००३

चि. नेवेना हिस,
रायनाताईचे अनेक आशीर्वाद.

स्तोइमेनच्या गाडीनं तुझं पत्र आणि कॉफीचे पुडे पोचले. एक पुडा त्यानं वाटेत फोडला असावा, पण बारीहून सरहद्दी ओलांडत इथवर गाडी हाकतो बिचारा, मी विचारलं नाही. सोबत वसंताचा लाल-पांढरा दोरा पाठवते आहे. एक तारखेलाच तुझ्या मनगटात असायला हवा होता, उशीर झाला. पहिला करकोचा दिसला की झाडाला बांधून टाक. तिकडे करकोचे नसतील तर कबुतरावर भागव.

इकडची मोठी बातमी म्हणजे गुना आजी लेकीकडे राहायला गेली. बसस्थानक झाडायला आता कुणी नाही. सोमवारी दोब्रेव साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. बावीस वर्षांत त्यांनी मला खुर्ची दिली नव्हती, तेव्हाच मी काय ते ओळखलं. म्हणाले, दोन बसच्या मधे तुला वेळ असतोच, नवीन बाई मिळेपर्यंत तेवढं झाडून-पुसून घेत जा. मी म्हटलं, मी तिकिटं देते आणि माईकवर बोलते, माझ्या नेमणुकीच्या कागदात बादली नाही. ते म्हणाले, थोडे दिवसच आहे गं. तेव्हा आता साडेनऊची बस सुटली की मी माईक खाली ठेवते आणि झाडू उचलते. प्रवाशांनी स्थानक स्वच्छ ठेवावे ही सूचनाही मीच देते आणि मग त्यांच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलंही मीच भरते.

झाडताना रोज तुझ्या कामेनसमोरून जावं लागतं. खिडकीसमोरच्या भिंतीवर सगळ्या गावाचे फोटो छापलेले निधनाचे कागद आहेत, त्यांत त्याचा सहा महिने झाल्यावर लावलेला कागद आता पिवळा पडलाय. मी बादली घेऊन गेले की मेव्हणेबुवा हसतायत असंच वाटतं. अकरा मेला वर्ष होईल. नवा कागद छापायचा तर फोटो कोणता घालायचा, ते कळव.

तब्येतीला जप. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
रायनाताई

*

बारी,
२१ मार्च २००३

ती. रायनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. आईच्या अंगणातला झाडू कायम माझ्याच हातात असायचा, तुझी पाठ दुखायची. ती दुखायची थांबली हे ऐकून बरं वाटलं.

माझंही तसंच चाललंय. मला ठेवलं ते म्हाताऱ्या सिन्योराला सांभाळायला, तिला उठवायचं, भरवायचं, औषधं द्यायची. आता तिच्या सुनेच्या घराच्या खिडक्याही माझ्याकडे आल्यात, आणि मागच्या शनिवारपासून जिना. तुझ्या साहेबांनी निदान खुर्ची तरी दिली. इथं सून नुसती बोटानं दाखवते. सिन्योरा मात्र माझा हात धरून झोपते आणि मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारते. मी ओ देते.

ताई, फोटो टोपीवालाच घाल, द्राक्षं खुडायला गेलो होतो तेव्हाचा. आणि एक सांगायचंय. मागच्या दोन्ही कागदांवर दिरांनी खाली शोक करणाऱ्यांत माझं नाव सगळ्यात शेवटी टाकलं होतं. या वेळी पहिलं घाल. त्याला मातीत ठेवलं तेव्हा मी नव्हते. कागदपत्रं नसताना सरहद्द ओलांडली असती तर पुन्हा आत येता आलं नसतं आणि लेकीचं, रालित्साचं कॉलेज तिथंच थांबलं असतं. हे मी कुणाकुणाला सांगू? लोक काय बोलले ते तू कधी कळवलं नाहीस, पण मला माहीत आहे. मी त्याच्यासाठी रडते आहे हे गावाला सांगणारा तेवढा एकच कागद आहे.

आता बातमी. इथल्या सरकारनं आमच्यासारख्यांचे अर्ज घेतलेत, सिन्योराच्या मुलानं माझाही भरलाय. ऑगस्टपर्यंत इथं राहायचा परवाना येईल असं म्हणतात. आला की त्याच आठवड्यात निघते. उतरले की आधी तुझ्या त्या भिंतीपाशी येईन. मला सोडायला आला होता तेव्हा तो तिथंच टेकून उभा होता, बस वळेपर्यंत. कबरीपाशी एकदम जायचं धैर्य माझ्यात नाही. तेव्हा तोवर त्याला सांभाळ.

दोरा बांधलाय. करकोचा दिसला नाही, कबुतरांवर माझा विश्वास नाही.
तुझीच,
नेवेना

*

गोर्ना लोझा,
२० मे २००३

चि. नेवेना हिस,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. गहू मी स्वतः शिजवले, वर साखर आणि अक्रोड. पाद्रीबाबांनी कबरीवर वाइन शिंपडली, रालित्सानं मेणबत्त्या लावल्या. ती खूप वाळलीये, पण परीक्षा चांगल्या गेल्या म्हणते. तिच्या डब्यात चीज भरून दिलं.

कागद तू सांगितलास तसाच छापला. टोपीवाला फोटो, खाली ‘शोकाकुल पत्नी नेवेना’, मग रालित्सा, मग बाकीचे. तुझ्या दिरांचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. एक तुमच्या फाटकावर लावला, एक बेकरीशेजारच्या खांबावर, आणि एक माझ्या भिंतीवर, अगदी मधोमध. खळ मैद्याची केली आणि जरा घट्टच केली. मागच्या वेळचा कागद कोपऱ्यातून सुटला होता, या वेळी वादळ आलं तरी निघायचा नाही.

बाकी नवीन बाईचं नावसुद्धा कुणी काढत नाही. उलट संडासही माझ्याकडे आलेत. शिवाय नवी बस कंपनी येणार म्हणून साहेबांचं डोकं फिरलंय. परवा म्हणाले, ती भिंत खरवडून पांढरी करायची, तिथं कंपनीचं मोठं वेळापत्रक लागणार. मी सरळ नाही म्हटलं. फरशी पुसेन, संडास धुवेन, पण मेलेल्या माणसांना हात लावणार नाही.

तू मुळीच काळजी करू नकोस. मी त्या खिडकीत आहे तोवर कामेनला कुणी हलवणार नाही.

सिन्योराला माझा नमस्कार सांग. इकडची आठवण ठेव.
तुझी,
रायनाताई

*

बारी,
१५ जून २००३

ती. ताईस,
नमस्कार.

काल स्तोइमेन आला होता. गावच्या गप्पा सांगता सांगता म्हणाला की स्थानक ओळखू येत नाही, भिंत कशी दुधासारखी झालीय. मी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, एकही कागद नाही.

भिंत कुणी साफ केली, एवढंच कळव.

नेवेना

*

गोर्ना लोझा,
२९ जून २००३

चि. नेवेना,

आशीर्वाद लिहायची लाज वाटते, पण मनात आहेत.

मी साफ केली. दुसऱ्या कुणी केली असं लिहायला तीनदा बसले, जमलं नाही. आता जसं झालं तसं सांगते.

दोन जूनला साहेब आले. म्हणाले, कंपनीला खिडकीत माणूस ठेवायचाच असं नाही, तिकीट ड्रायव्हरही देतो. जो माणूस सगळं सांभाळेल तोच राहील. पेन्शनपर्यंत मला अजून चार वर्षं काढायची आहेत, नेवेना, आणि या गावात दुसरं काम कुठं आहे? मी म्हटलं, करते, पण माझ्या मेव्हण्याचा कागद राहील. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, तुझ्यासाठी एक चालेल.

मग मी कोमट पाणी घेतलं आणि खरवडायची पट्टी घेतली. सत्तेचाळीस माणसं काढली. आपल्या शाळेच्या बाई काढल्या, पोस्टातले काका काढले, गुना आजीचा नवरा काढला. ते सगळे मऊ होऊन आपोआप सुटत होते, जणू वाटच पाहत होते. संध्याकाळी पांढऱ्या भिंतीवर एकटा कामेन उरला. मला, खरं सांगते, बरं वाटलं. तुला दिलेला शब्द राहिला असं वाटलं.

गुरुवारी बाजाराच्या बसनं त्सोना आली. वरच्या वाडीतली, जिचा लेक बोरिल खाणीत गेला. चार वर्षं ती दर गुरुवारी त्याच्या कागदावर हात ठेवायची आणि मगच बाजारात जायची. ती भिंतीपाशी गेली. हात वर केला, तो तसाच राहिला. मग तिनं कामेनकडे पाहिलं, मग खिडकीत माझ्याकडे. रडली नाही. जवळ येऊन एवढंच म्हणाली, “रायना, तुझं तेवढं माणूस, आणि आमचे नुसते कागद?” परतीचं तिकीट मागितलं. मी दिलं.

ती गेल्यावर मी खिडकी बंद केली आणि पाणी आणलं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. कामेनला मीच काढलं. बाकीचे एका पाण्यात निघाले होते, तो निघेना. खळ मीच घट्ट केली होती. पट्टी लावली की चेहरा चिरायचा. टोपी गेली, मग डोळे गेले, एक एक पट्टा करून गेला. शेवटी तुझं नाव तेवढं भिंतीवर राहिलं, मेलेल्यांच्या भिंतीवर जिवंत बाईचं एकटं नाव. मी घाबरले. तिथं पट्टी लावली नाही, नखांनी सोडवलं. ते अखंड निघालं. या पाकिटात ठेवलंय, कारण फेकवेना.

बाकीचे सगळे सुकवून चपटे करून विसरलेल्या सामानाच्या कपाटात ठेवलेत, छत्र्यांच्या वर. तुझा मात्र फाटला.

वेळापत्रक अजून आलेलं नाही. भिंत मोकळीच आहे.

राग कर, पण पत्र टाक.
रायनाताई

*

बारी,
१० ऑगस्ट २००३

ती. रायनाताईस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे उत्तर दिलं नाही, ते मुद्दामच. रोज मनात तुला बोलत होते. सत्तेचाळीस निघाले, मग अठ्ठेचाळिसावा राहिला असता तर काय झालं असतं, असं. त्सोनाचाही राग आला. तिला चार वर्षं मिळाली, मला एक दिवस नाही.

मग एकवीस जुलैला सिन्योरा गेली. दुपारी, माझा हात धरून. तिसऱ्या दिवशी सून आली आणि म्हणाली, खोली रिकामी करून धुऊन दे, भाडेकरू येणार आहे. मी तिला सांभाळायला होते, खोली धुवायला नव्हते. पण मी धुतली. भिंतीवर तिच्या बहिणीचा फोटो होता, जिच्या नावानं ती मला हाक मारायची. सून म्हणाली, टाकून दे. मी खिळा काढला. तो काढताना मला तुझे हात दिसले, ताई. राग तिथंच संपला असं म्हणत नाही, पण बादलीतलं पाणी बदलायला गेले आणि तिथंच खाली बसून खूप रडले. तुझ्यासाठीही रडले.

फोटो टाकला नाही. माझ्या बॅगेत आहे.

परवान्याचा अर्ज सिन्योराच्या घराच्या नावानं होता. ती गेली, आता कामाला नवं घर शोधून सगळं पुन्हा पहिल्यापासून. या वर्षी येणं होत नाही. पुढच्या वर्षीही होईल असं कुणी सांगत नाही.

तू पाठवलेलं माझं नाव परत पाठवते आहे. इथं त्याचा काय उपयोग? भिंतीवर लावू नकोस. कबरीवर मेणबत्तीची काचेची पेटी आहे, तिच्यात ठेव आणि दार लावून घे. मी पोचेपर्यंत तेवढं तरी त्याच्याजवळ असू दे. आणि जाताना त्सोनाला बरोबर ने. कपाटातून तिचा बोरिल काढून तिला दे. माझ्याकडून दिला म्हणून सांग.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, माझी आटलेली नाही.
तुझी,
नेवेना

*

गोर्ना लोझा,
३१ ऑगस्ट २००३

चि. नेवेना हिस,
रायनाताईचे भरभरून आशीर्वाद.

काल शनिवारी दोघी गेलो. त्सोनानं तुळशीची जुडी आणली होती, तुझ्या नावानं. काचेची पेटी गंजली होती, तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसली. तुझं नाव आत उभं ठेवलं, कामेनच्या बाजूला तोंड करून, आणि दार लावलं. बोरिलला तिनं छातीशी धरून घरी नेलं. उतारावर माझा दंड धरून चालली.

कपाटातले निम्म्याहून जास्त लोकांनी नेले. तिकिटाच्या खिडकीशी येतात आणि हळूच विचारतात, आमचा आहे का गं.

कंपनीचं वेळापत्रक आलं, पण ते दाराशी लावलं. इतकं लहान निघालं की त्याला भिंत लागलीच नाही. ज्याच्यासाठी सगळं खरवडलं ते दाराच्या एका फळीवर मावलं. साहेब माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीवर आता ‘कागद चिकटवू नयेत’ अशी पाटी आहे, ती पुसायचं कामही माझ्याकडेच आलंय.

पण एक बघ. लोक अजून भिंतीपाशी जातात. ज्याचं माणूस जिथं होतं, तिथं हात ठेवतात आणि मग बसला जातात. पांढऱ्या रंगावर बोटांचे डाग पडायला लागलेत, खांद्याच्या उंचीवर, रांगेनं. मधोमध एक डाग माझा आहे. काल साहेब म्हणाले, रायना, भिंत मळलीय, पुसून घे.

फरशी मी पुसते, संडास धुते, पाटी पुसते. ते डाग पुसत नाही. तू येशील तेव्हा तुझा हात कुठं ठेवायचा, ते मी दाखवीन.

वाट पाहणारी,
रायनाताई