झिरीच्या भेकाला ओ देणारा माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
गारझरी वनपरिक्षेत्र, जि. भंडारा

विषय : झिरीच्या पहाडीवर उरलेल्या एकमेव भेकासाठी पावसाळ्याचे दोन महिने माणूस नेमणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपल्या कार्यालयातील भुपेंद्र बाबूंशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. मी देवाजी सोमाजी कापगते, वय ७१, मु. झिरीटोला, पो. एकोडी, निवृत्त वनमजूर, सविनय सादर करतो की, पहाडीवर जिथे खडकातून पाणी पाझरते त्या झिरीपाशी अंगठ्याएवढा काळपट भेक राहतो. गावात त्याला बेडूकच म्हणतात, पण त्याला ओला खडक लागतो, तळे मानवत नाही. नोकरीत असताना मी एका आषाढात चाळीसपर्यंत मोजले आहेत.

२. पलीकडे गिट्टीची खदान लागली, सुरुंगांनी खडक तडकले आणि झिरीचे निम्मे पाणी दुसरीकडे वळले. उरलेल्याला खालच्या शेतवाल्यांनी पाइप लावला. सन २०२२ मध्ये नागपूरहून अभ्यासाला आलेल्या कु. गुंजन यांना तीनच भेक सापडले. मी कोणावर ठपका ठेवत नाही, कारण पुढचा परिच्छेद माझ्याबद्दल आहे.

३. सन २०२३ च्या जुलैत पाऊस दडून बसला, धानाचे पऱ्हे लावणीआधीच वाळू लागले. गावाने धोंडी काढायचे ठरवले. यात बेडूक मुसळाला बांधून, कडुनिंबाचा पाला लावून घरोघर नेतात, बाया त्यावर पाणी ओततात आणि शेवटी त्याला तळ्यात सोडतात. पण आटलेल्या तळ्यात बेडूकच नव्हता. धोंडी काढणाऱ्या मालनबाई माझ्या दारात आल्या, म्हणाल्या, "देवाजी, तुले जागा मालूम आहे, तूच आणून दे." मी गेलो आणि तिघांतला सर्वांत मोठा निवडला, मुसळावर शोभून दिसावा म्हणून. रीतीप्रमाणे त्याला तळ्याच्या डबक्यात सोडले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मला मानाचा नारळ मिळाला, आणि तो मी खाल्ला.

४. श्रावणात कु. गुंजन पुन्हा आल्या. बराच वेळ खडक पाहून म्हणाल्या, "काका, ती मोठी मादी होती. आता दोन्ही नरच राहिले." मी चार दिवस कमरेएवढ्या पाण्यात तळे शोधले. सापडली नाही. गेल्या वर्षी दोन नरांपैकीही एकच उरला.

५. हे मी भुपेंद्र बाबूंना सांगितले. ते म्हणाले, "एकाचा प्रस्ताव नाही होत काका, दोन तरी दाखवा." दोन असते तर मी आलोच नसतो. माणूस चांगला आहे, त्यांनी चहा पाजला.

६. गेल्या पावसाळ्यात तो रोज दुपार कलल्यावर ओरडायचा. मी दोन गारगोट्या एकमेकींवर वाजवल्या की तो पुन्हा ओरडायचा. मला ताप आला आणि आठ दिवस जाणे झाले नाही, तर तो गप्प झाला. नंतर मी दोन दुपारी वाजवत बसलो तेव्हा कुठे बोलला. ही त्याची फसवणूक आहे हे मला समजते. माझी पत्नी रुखमिणी वारल्यापासून मी घरात काही बोललो तर ओ येत नाही. अशा वेळी गारगोटीचा आवाजही चालतो, हे मी खात्रीने लिहून देऊ शकतो.

७. मार्चमध्ये माझा खुबा मोडला. डॉक्टरांनी पहाडी चढायला कायमची मनाई केली आहे. कु. गुंजन दुसऱ्या पहाड्यांवर मादी शोधत आहेत. ती मिळेपर्यंत हा ओरडत राहिला पाहिजे, झिरी सोडून गेला तर सगळेच संपले. तरी एक माणूस नेमावा व तेवढे दोन महिने दुपारचे सुरुंग थांबवावेत. माणसाला शिक्षण नको. त्याने ऐकावे, दोनदा वाजवावे, थांबावे, आणि भेकाच्या आधी उठू नये.

८. विनंती नामंजूर झाल्यास कृपया तसे लेखी कळवू नये. मंजूर झाली असे धरून मी पावसाळा काढीन.

आपला नम्र,
देवाजी सोमाजी कापगते
झिरीटोला, दि. २ जून २०२५

सोबत :
१. कु. गुंजन यांचे पत्र.
२. झिरीच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा.
३. गारगोट्या, दोन नग. परत पाठवू नयेत. घरी असल्या की मी वाजवत बसतो.