प्रचारबंदी, मुक्काम बेलव्ह्यू

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
१२ फेब्रुवारी २००८

ती. कुमारदादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, तसाच मान्य करून घ्यावा.) तुमचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, शोभनावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल आणि नागपुरातली थंडी ओसरली असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे आणि तुमची बहीण माझ्यापेक्षा पुष्कळच जास्त खुशाल आहे. ती एवढी खुशाल का, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

दादा, मी राजकारणात उतरलो! हसू नका. सिटिझन होऊन दोन वर्षं झाली, पण माझं नागरिकत्व आजवर एअरपोर्टवरच्या छोट्या रांगेपुरतंच होतं. यंदा मात्र इथे असं काही वारं सुटलंय की ऑफिसात कोड तपासताना माझा पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरायचा. शेवटी न राहवून एका संध्याकाळी आमच्या उमेदवाराच्या कचेरीत गेलो. तिथल्या पोरीने माझ्या हातात एक क्लिपबोर्ड दिला आणि तिथल्या तिथे मला प्रिसिंक्ट कॅप्टन करून टाकलं. (प्रिसिंक्ट म्हणजे आपला वॉर्ड समजा. कॅप्टन म्हणजे ज्याला दुसरा कुणी मिळाला नाही तो.)

इथली पद्धत आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी इथे एकाच पक्षातले इच्छुक आपापसांत लढतात. आपल्याकडे हे तिकीटवाटपाच्या वेळी बंद दाराआड होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एकजुटीचा फोटो येतो. इथे ते शाळेच्या कँटीनमध्ये, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीने होतं आणि त्याला कॉकस म्हणतात. वॉर्डातली पक्षाची माणसं शनिवारी दुपारी जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या टेबलाशी बसतात. मोजणी होते. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना दोन्हीकडचे लोक पटवतात, पुन्हा मोजणी होते, आणि डोक्यांच्या प्रमाणात प्रत्येक गट आपले प्रतिनिधी निवडून पुढच्या बैठकीला पाठवतो. मला प्रतिनिधी व्हायचं होतं. इतकी वर्षं या देशात मी मिळेल त्या खुर्चीवर अंग चोरून बसत आलो. एकदा तरी भरल्या सभेत आपलं नाव पुकारलं जावं आणि आपण ताठ उभं राहावं, असं फार फार वाटत होतं. हे मी सुलेखालाही सांगितलं नव्हतं.

मग काय, कामाला लागलो. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत तुम्ही जावयाचं कौतुक न करता मला बूथवर चिठ्ठ्या लिहायला बसवलं होतंत, तो अनुभव इथे सोन्यासारखा उपयोगी पडला. पावसात घरोघर हिंडलो. (इथला पाऊस पडत नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो.) एका म्हाताऱ्याने मला तासभर त्याच्या प्लमच्या झाडाच्या फांद्या कशा छाटायच्या ते दाखवलं आणि निघताना सांगितलं की तो दुसऱ्याच पक्षाचा आहे. नागपूर पद्धतीने प्रत्येक घरासाठी मी नाव, शाळा आणि टेबल लिहिलेल्या चिठ्ठ्याही वाटल्या. त्यांचा थोडा गोंधळ झाला, कारण दोघातिघांना ते बारशाचं आमंत्रण वाटलं आणि एका बाईने फोन करून मुलगा की मुलगी असं विचारलं. पण चिठ्ठी जपून ठेवली सगळ्यांनी! यादीतल्या एकूण एक दारावर मी टकटक केली, दादा. माझ्या स्वतःच्या दारावर करायची असते हे काही मला सुचलं नाही. आपल्या घरातलं मत आपलंच, ते विचारायचं कशाला?

आता खरी गोष्ट. गुरुवारी दुपारी मी प्रचार थांबवला. मतदान संपायच्या अठ्ठेचाळीस तास आधी तुम्ही चालत्या रिक्षातला भोंगा कसा बंद करायला लावायचात, ते मी विसरलेलो नाही. अंगणातल्या फलकावर जुनी चादर घातली. गाडीचं स्टिकर खरवडून काढलं. कचेरीतून फोन आले तेव्हा मी गंभीरपणे आचारसंहितेचा हवाला दिला, आणि पलीकडच्या पोरीला वाटलं की मला बरं नाही. (तिने सूप प्यायला सांगितलं.) इथे असा काही नियमच नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सुलेखा भाजी परतता परतता म्हणाली, "अहो, तुमच्या उमेदवाराबद्दल मला एक विचारायचं होतं." मी हात वर केला आणि म्हणालो, "प्रचार संपला." ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चे सगळे प्रकार मला पाठ आहेत अशी माझी समजूत होती.

शनिवारी आम्ही दोघं एकाच गाडीतून शाळेत गेलो. ती आत गेली आणि मी पार्किंगमध्ये, दारापासून शंभर मीटर मोजून, घडीचं टेबल मांडलं. थर्मास, चिवडा आणि चिठ्ठ्या घेऊन बर्फाळ पावसात बसलो. येणारेजाणारे हात करत होते. एका बाईने पुदिन्याची बिस्किटं आहेत का असं विचारलं. (या दिवसांत इथे शाळेच्या मुली टेबलं मांडून बिस्किटं विकतात.) माझा चिवडा तिला आवडला, पण मत तिचं समोरच्यांना होतं. शेवटी सभेचा अध्यक्ष धावत बाहेर आला आणि म्हणाला, तुमच्या बाजूने बोलायला आत कुणीच नाही, तुम्ही इथे काय करताय?

आत जाऊन बघतो तर प्रचाराला नुसता ऊत आला होता! समोरच्या गटाची कॅप्टन मार्गारेट, निवृत्त शाळामास्तरीण, टेबलाटेबलाशी जाऊन बोलत होती. आमच्या वॉर्डाच्या वाट्याला तीन प्रतिनिधी. मोजणीत एक आमचा, एक त्यांचा, आणि तिसरा अगदी काठावर अडकलेला. अध्यक्ष म्हणाला, आता एकच व्यक्ती अनिश्चित आहे, त्यांच्यावर सगळं अवलंबून. सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीशी, रिकाम्या टेबलावर, पर्स मांडीवर घेऊन तुमची बहीण बसली होती.

मला बोलायला एक मिनिट दिलं. दादा, लग्न झाल्यापासून सुलेखासमोर मला सलग एक मिनिट कधी मिळालेलं नाही, आणि मिळालं ते भर सभेत, इंग्रजीत! मी परिवर्तन म्हणालो, आशा म्हणालो, नवी पहाट म्हणालो, टाळ्याही मिळाल्या. मग ती उठली. ती दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कवर असते, तुम्हाला ठाऊकच आहे. तिने विचारलं की गाल सुजलेला माणूस बिलाचा आकडा ऐकून माझ्या काउंटरवरून परत जातो, त्याच्यासाठी तुमच्या उमेदवाराने काय लिहून ठेवलंय? मला सगळ्या वॉर्डाचे घरनंबर पाठ होते. हे काही पाठ नव्हतं. मी पहाटेकडे परत गेलो. "अहो, टाइम संपला," ती मराठीत म्हणाली, "आणि माझा प्रश्न अजून आहे तिथेच आहे." मार्गारेट तिच्या शेजारी जाऊन बसली आणि शांतपणे मुद्दे सांगत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी तिने आमच्या घरी फोनही केला होता, मी फलकावरची सरकलेली चादर नीट करायला अंगणात गेलो होतो तेव्हा.

सुलेखा उठून त्यांच्या टेबलाकडे गेली. तिसरी जागा त्यांना मिळाली आणि त्या जागेवर त्यांनी तिलाच निवडलं. आमची एकुलती एक जागा एका शेजाऱ्याला मिळाली, कारण मी पार्किंगमध्ये असताना तो आत होता. अध्यक्षाने तिचं नाव वाचलं, त्याची पार वाट लावली, ती हसून ताठ उभी राहिली आणि सगळं कँटीन टाळ्या वाजवू लागलं. माझा नुसता जळफळाट झाला, दादा. आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवत होतो, इतक्या की आमच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. इलाला कॉलेजमध्ये फोन करून सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "डॅड, यू नेव्हर आस्क्ड हर?"

असो. वहिनींना नमस्कार, आणि तुमच्या वॉर्डातल्या सगळ्या जुन्या कार्यकर्त्यांना या नव्या कार्यकर्त्याचा ओला नमस्कार सांगावा.

तुमचा,
नरेंद्र

ता. क. १ : मुख्य काम राहिलंच. पुढची बैठक एप्रिलमध्ये आहे आणि तोवर प्रतिनिधीचं मन वळवता येतं, असं मी ऐकलंय. सुलेखा या जगात फक्त तुमचं ऐकते. तिला फोन करावा आणि आमच्या उमेदवाराची बाजू मांडावी. मुद्दे वेगळ्या कागदावर जोडत आहे.

ता. क. २ : कागद जोडलेला नाही. मुद्दे काढायचे म्हणून आत्ता दोन्ही उमेदवारांच्या योजना शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. दादा, दवाखान्याच्या बाबतीत सुलेखाचं बरोबर आहे. पण मी कॅप्टन आहे. पक्षाने विजेचा खांब उभा केला तरी तुम्ही त्याचाच प्रचार केलात, तेव्हा माझी अडचण तुम्हाला समजेल. हे तिला मुळीच कळवू नये.

ता. क. ३ : फोन मात्र करा. परवापासून ती रोज संध्याकाळी मार्गारेटशी बोलते, भाषणाची तयारी करते, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतो. घरातला एक मतदार तेवढा सोडून आता ती पुढच्या बैठकीत सगळ्यांना पटवणार आहे. तिला एवढंच सांगा, की नरेंद्रला एकदा विचारून तरी बघ.