निळी पाटी चालू ठेवावी

मी, येडबा ग्यानबा गडदे, वय एकसष्ट, धंदा निऑनच्या पाट्या बनवणे, राहणार परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे हात थरथरतात ते पाऱ्याच्या वाफेने. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. आईबापाने नाव येडबा ठेवले एवढ्यावरून कोणी मला कोर्टात वेडा ठरवू नये.

कलम १. पिंगळीचे दोन एकर रान व परभणीतले राहते घर, दोन्ही स्वकष्टार्जित, मुलगा दत्तराव यास. मागची खोली मुलगी रुख्मिणी हिची तहहयात. तिला उठवण्याचा हक्क त्यास नाही.

कलम २. दुकान, बर्नर, व्हॅक्यूम पंप, ट्रान्सफॉर्मर व गॅसच्या बाटल्या रुख्मिणीस. नवऱ्याने टाकल्यावर ती दुकानात बसू लागली. आज काच वाकवणे, नळीतली हवा ओढणे, गॅस भरणे ती एकटी करते. दत्तरावाने पंपाला कधी हात लावला नाही.

कलम ३. माझी वहीही तिलाच. हैदराबादेत उस्तादांनी शिकवले की लाल पाटीत शुद्ध निऑन भरावा. पण परभणीत संध्याकाळी व्होल्टेज एकशेसाठवर येते, तिथे शुद्ध निऑन पेटता पेटत नाही. दोन वर्षे नळ्या वाया घालवून मला उमगले की शंभर भाग निऑनमध्ये जेमतेम अर्धा भाग आर्गॉन मिसळला तर नळी चटकन पेटते आणि रंग लालच राहतो. वहीत सगळी मापे आहेत.

कलम ४. सन १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जाळपोळ सुरू झाली. कुसुमबाई खिल्लारे यांच्या वस्तीतली चार घरे जळाली. महिन्याभराने त्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, वाचनालयाला निळी पाटी पाहिजे. भीम वाचनालय."

निळ्याला आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो. मी विचारले, "लय लखलखीत पाहिजे का लय दिवस टिकणारी?" गॅसचा दाब कमी ठेवला तर उजेड जास्त, पण नळी लवकर मरते.

त्या म्हणाल्या, "टिकणारी."

मी दाब जास्तीचा, बारा मिलिमीटर ठेवला. इतक्या दाबाला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून एका ट्रान्सफॉर्मरवर कमी लांबीचीच नळी जोडली. माझे जुने गिऱ्हाईक, टॉकीजचे मालक व्यंकटराव यांनी बोलावून सांगितले, "ती पाटी लावलीस तर माझी पाटी मुंबईहून आणीन." मी म्हणालो, "आणा. संध्याकाळी पेटवून दाखवा." त्यांनी आणली. पहिल्या खेळाला ती पेटली नाही. मग मला बोलवायला माणूस धाडला. मी गेलो नाही.

निळी पाटी दोनदा दगडांनी फुटली. दोन्ही वेळा मी नवी लावली. तिसरी आजवर चालू आहे. ती बंद पडल्यास रुख्मिणीने आधी ती दुरुस्त करावी, मग दुसरे काम घ्यावे.

कलम ५. त्या पाटीपासून भावकीने आणि सोयऱ्यांनी माझ्या घरचे पाणी पिणे सोडले. त्यांना मयतीचा निरोप धाडू नये. खांदा वाचनालयाची माणसे देतील. मी विचारले आहे, ते हो म्हणाले आहेत. त्यांना कोणी अडवू नये.

हे कलम लिहीत असता दत्तराव आला. वाचून म्हणाला, "बापू, एवढं कलम काढा. ते खांदा देणार म्हणल्यावर आपलं माणूस येणार न्हाई."

"अकरा वर्षांत कोण आलं?"

"मला पोरींची लग्नं करायचीत."

त्याचे डोळे भरले होते. मला वाईट वाटले, ते लिहून ठेवतो. मी म्हणालो, "तुला लाज वाटत असंल तर त्या दिवशी गावाला जा. मी राग धरणार न्हाई."

"मग मी यावर सही करणार न्हाई."

"वारसाची सही लागतच न्हाई, बाबा."

त्याने कलम पुन्हा वाचले. शेवटी विचारले, "खांद्याला चौघं ठरलेत का?"

मी म्हणालो, "तिघं."

कलम काढलेले नाही.

येडबा ग्यानबा गडदे (सही)

आम्हांसमक्ष सही केली:
१. कुसुमबाई रामजी खिल्लारे
२. आश्रुबा शिंपी, शेजारी दुकानदार

परभणी, ११ नोव्हेंबर १९८९