त्रेचाळीसला थांबायला हवं

४ जून, रोडपाली
दादाचा रिपोर्ट आला. यकृतातली गाठ परत वाढलीय. ऑपरेशन आता होणार नाही म्हणाले. वहिनी कागद माझ्या हातात देऊन बघत राहिली. गावात सगळ्यांना मी डॉक्टरच वाटते. मी पीएच.डी.वाली. निकेल-तांब्याची पूड करणारी.

७ जून
कोनला दादाकडे गेले. दादा म्हणाला, "तुजी पूड गाठ जालते ना?"
सांगितलं. पूड गाठीत सोडायची, बाहेरून चुंबकी क्षेत्र द्यायचं, कण तापतात. ठरावीक तापमानाला त्यांचं चुंबकपण जातं, तापणं आपोआप थांबतं. गाठ मरते, बाजूचं वाचतं.
"मंग माज्यात टाक."
अजून उंदरांवरही झालेलं नाही, म्हटलं.
"मी बसतो उंदराच्या आदी रांगेत." हसला. वहिनी नाही हसली.

१२ जून
पुडीची नवी बॅच. त्रेचाळीस अंशांच्या आसपास तापायची थांबायला हवी. पन्नास ओलांडून गेली. तापणं लवकर थांबवणारं तांबं सगळ्या कणांत सारखं मिसळत नाही. गाइड सर म्हणाले, "पेपरला चालेल. सुधारणेला वाव आहे असं लिही."
लिहिलं नाही. नुसती बसून राहिले.

१५ जून
वहिनीचा फोन. "तुज्या सायबाला सांग, आमी सही देतो. कायबी झालं तरी तक्रार नाय."
परवानग्या, चाचण्या, निकेल अंगात भिनतं का ते बघायचं, वर्षं लागतात, म्हटलं.
"वर्षं," म्हणाली.

१९ जून
दादाला लॅब बघायची होती. आणलं. पुडीची नळी चुंबकी क्षेत्राच्या कॉइलमध्ये ठेवली. स्क्रीनवरचा आकडा तो बघत होता. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.
"थांब," म्हणाला, हळूच, बैलाला म्हणावं तसं.
नाही थांबला. पन्नासच्या पुढे मीच स्विच बंद केला.
परतताना गाडीत कळंबोली सर्कलला म्हणाला, "म्हंजे तुज्या बी हातात नाय."
नाही.

२४ जून
दादा अ‍ॅडमिट. पोटात पाणी झालंय. सकाळी गेले, शुद्धीत होता. तांबं थोडं वाढवलंय, बॅच भट्टीत आहे, म्हटलं.
त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "किती वेल हाय आजून?"
भट्टीचंच विचारतोय असं धरून मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत कळेल."
वहिनीनं माझ्याकडे बघितलं.