वेताच्या खुर्च्या आणि शाईची डबी

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे, जन्मापासून अंध पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र करते. दडपणाचा उल्लेख धाकट्या भावासाठी आहे. ते आणायला तो रोज येतो. मी सांगते आहे, वकीलबाई लिहून घेत आहेत.

१. माझे दोन खोल्यांचे घर भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावे. तिचीही नजर गेली आहे. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात तिने स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली, तर बाप म्हणतो, "घरात काय कमी आहे तुला? बस की सुखानं." बसून सुख मिळत असते तर माझ्या खुर्च्यांनी जग सुखी केले असते. माझ्या घरापासून तिचे ऑफिस चालत जाण्याजोगे आहे. भावाच्या घरून तो नेईल तेव्हाच जाता येईल. त्याने इथे पाहुणा म्हणून यावे, दार वाजवून यावे आणि काहीही आवरून ठेवू नये. त्याने एकदा आवरलेली माझी कात्री अजून सापडायची आहे.

२. अंधांच्या संस्थेने सत्कार करून मला भिंतीवरचे घड्याळ दिले. ते अध्यक्षांना परत करावे.

३. माझी हत्यारे. तरुणपणी टंकलेखनाची परीक्षा पास होऊन मी एका कचेरीत मुलाखतीला गेले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला जमेल असं काम इथं नाही." माझा हात खुर्चीखाली गेला, तर वेताची गाठ माझीच. माझ्या कामावर मलाच बसवून साहेब काम नाही म्हणत होते. सबब हत्यारे ज्याला हवीशी वाटतील त्याला द्यावीत. आंधळा आहे म्हणून कोणाच्या हाती वेत कोंबू नये. मला हे काम कधीच आवडले नाही. दुसरे कोणी दिले नाही.

४. आयत्या बिळावर नागोबा व्हायच्या तयारीने भावाने आज शाईची डबी आणली. "ताई, अंगठाच दे. सही वाकडी जाईल." ती डबी मी त्याला देते.

वरील मजकूर वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, तो मला मान्य आहे. भाऊ पहिल्या कलमालाच उठून गेला.

सही: (वाकडी, पण माझी)

साक्षीदार: शेजारीण, आणि डॉक्टर, ज्यांनी माझी तब्येत भावाला न विचारता मला विचारली.

ठिकाण: माझे घर.

दिनांक: भाची नोकरीवर रुजू झाली तो सोमवार. ती सहीला हजर नाही. कामावर आहे.