‘इतर’ नावाचा आजार

अण्णा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले ती आठवण दाटून आली म्हणून नाही, वैतागून बसले. माझ्या कामाला वैतागलेय. ज्या कामाचं तुम्हाला एवढं कौतुक होतं, सोनईच्या स्टँडवर भेटेल त्याला ‘पोरगी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिती’ म्हणून सांगत सुटायचात, त्याच कामाला. घरात बोलावं तर सगळ्यांना वाटतं, चांगला पगार आहे, घरी बसून काम आहे, हिला काय झालं कुरकुरायला. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही निदान मधे बोलणार नाही.

काम काय ते आधी सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे फोन फक्त बोलायला होता. मी नगरला राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. त्या कंपनीनं एका दूध संघासाठी सोय बनवली आहे. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्यानं कळवायचं आणि संघाचा डॉक्टर त्याच्या गोठ्यावर जायचा. तुमचंच, गुरांच्या दवाखान्याचं काम म्हणा ना. सुरुवातीला ती साधी वेबसाईट होती. संकलन केंद्रावरचा माणूस शेतकऱ्याचं ऐकून घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर नोंद करायचा. बरं चाललं होतं. दोन वर्षांत ठरलं की वेबसाईटचे दिवस गेले, प्रत्येकाच्या मोबाईलवर ॲप पाहिजे. ते केलं. मग दोन प्रकारच्या फोनसाठी दोन ॲप कशाला, एकच पुन्हा नव्यानं लिहा. तेही केलं. मग सगळं क्लाऊडवर न्यायचं निघालं. क्लाऊड म्हणजे ढग नव्हे अण्णा, लांब कुठल्या तरी इमारतीतले दुसऱ्याच्या मालकीचे कॉम्प्युटर, आपण फक्त भाड्यानं घ्यायचे. तिथं गेल्यावर एका धडधाकट प्रोग्रामचे बावीस तुकडे केले, का तर हल्ली सगळे तसंच करतात. आता एक तुकडा रुसला की बाकीचे एकवीस त्याची वाट बघत बसतात. आणि या सगळ्या काळात गाय तीच, तिचे आजार तेच, आणि संघाचे डॉक्टरही तेवढेच चार. बदलत होतो ते आम्ही. या वर्षी एआय आलंय. निम्मा प्रोग्राम तेच लिहितं आणि मी पेपर तपासणाऱ्या मास्तरणीसारखी चुका काढत बसते. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शेतकऱ्याशी बोलायलाही आम्ही तेच बसवलं.

असं चिडून बसले की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. सकाळचे सात वाजलेत. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही गॅसवरच्या पातेल्यात गरम पाण्यात कॅल्शियमची बाटली उभी करून ठेवलीय. आई म्हणते, “अहो, भाजीचं पातेलं हाय ते माझं.” तुम्ही म्हणता, “गाय बसलीय. गार औषध शिरंतून सोडलं तर जागीच जाईल ती. तुझी भाजी थांबंल.” बाहेर एकजण फटफटी चालूच ठेवून उभा असतो. काही वस्त्यांवर तुम्हाला पाणी प्यायला वरून ओतून मिळायचं, हे मला फार उशिरा कळलं. पण गाय बसली की त्याच वस्त्यांवरची माणसं आपल्या विहाराच्या पायरीवर येऊन तुमची वाट बघायची, आणि तुम्ही बाटली टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मागे बसून निघायचात. एका सुट्टीत तुम्ही मलाही नेलं होतं. व्यालेली गाय मान कुशीत घालून पडली होती, कान गार. तुम्ही बाटली उंच धरली, थेंब थेंब सोडत राहिलात, आणि बाटली संपता संपता तिनं शेण टाकलं, अंग थरथरवलं आणि उठून उभी राहिली. व्यालेली गाय बसली म्हणजे अंगातलं कॅल्शियम उतरलं, आणि हाताशी काही तासच आहेत, एवढं मला पाढे पाठ होण्याआधी माहीत होतं.

तुम्ही आणलेला तो जुना कॉम्प्युटरही आठवतो. नगरहून दुधाच्या टेम्पोत आणलात, खाली-वर कडब्याच्या पेंढ्या घालून, आणि उतरवताना हमालालासुद्धा हात लावू दिला नाहीत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुम्हाला खूश करायचं म्हणून मी तुमच्या दवाखान्याच्या नोंदवहीचा प्रोग्राम केला. आजारांची यादी केली आणि शेवटी ‘इतर’ लिहून मोकळी झाले. तुम्ही चष्मा वर सारून पडद्याजवळ वाकलात.

“इतर म्हंजी कोन?”

“जे या यादीत बसत नाहीत ते.”

“मग बसव की. इतर नावाचा आजार मी नोकरीत एकदाबी बघितला न्हाई. ज्याला नीट इचारायचा कटाळा आलाय, त्यानं लिहायचा शब्द हाय तो.”

मला एवढा राग आला की मी कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आता सांगते, त्या ॲपच्या यादीतही शेवटी ‘इतर’ होता, आणि तो मीच घातला होता. कामाची घाई होती, यादी कुणी तरी इंग्रजीतून आणून दिली होती, आणि मी पंचवीस वर्षांपूर्वीसारखीच मोकळी झाले.

जे घडलं ते असं. खर्ड्याच्या अलीकडे एका वस्तीवर साठीची एक बाई राहते. मुलगा पुण्याला, त्यानं दिलेला जुना मोबाईल तिच्याकडे. तिची गाय पहाटे व्याली आणि नऊच्या सुमाराला बसली. पूर्वी ती सरळ डॉक्टरला फोन लावायची. पण आमचं ॲप आल्यापासून संघानं डॉक्टरांना बजावलं होतं की परस्पर कॉल घ्यायचे नाहीत, सगळं ॲपमधून येऊ द्या, नोंद राहिली पाहिजे. म्हणून तिनं ॲप उघडलं आणि माईकचं चित्र दाबून बोलली. ते बोलणं शब्दन् शब्द आमच्याकडे साठलेलं आहे. तक्रार आल्यावर मी ते वाचलं.

ती म्हणते, “गाय बसलीया, उठंना झालीय.” आणि आमचं एआय गोड आवाजात म्हणतं, “अरे वा! गाय आरामात बसून रवंथ करत असेल तर ते उत्तम आरोग्याचं लक्षण आहे. मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?” ती म्हणते, “आवं बसलीया म्हंते मी. डाक्टरला धाडा.” त्यावर ते म्हणतं, “कृपया यादीतून आजार निवडा.” ताप, जुलाब, कासदाह, लंगडणे, इतर. तिनं ‘इतर’ दाबलं. ‘इतर’ निवडलं की डॉक्टरला कॉल जात नाही. तो एका रांगेत जाऊन पडतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी तरी बघतं. पडद्यावर आलं, ‘आपली नोंद झाली आहे, धन्यवाद.’ बाई नोंद झाली म्हणून गाईजवळ जाऊन बसली. एक वाजेपर्यंत बसली. मग शेजाऱ्यानं न राहवून परस्पर डॉक्टरलाच फोन लावला. डॉक्टर बिचारा दुसऱ्या टोकाला होता, तीनला पोचला, त्यानं बाटली लावली. अर्धी बाटली जायच्या आत गाय गेली.

मला कुणी जायला सांगितलं नव्हतं. तक्रारीवर ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून ती बंद करायची चालली होती. मी जामखेडच्या गाडीत बसले. बाईनं गोठ्यातच पोतं टाकून मला बसायला दिलं. वासरी जगली होती. शेजारणीच्या गाईचं दूध बाटलीनं पाजत होती तिला. बाई आरडाओरडा करणार, या तयारीनंच मी गेले होते. तिनं चहा ठेवला.

“मी त्या बाईला दोनदा सांगितलं,” ती म्हणाली.

“कुठल्या बाईला, मावशी?”

“फोनमधी बोलती ती. लई गोड बोलत हुती. पर तिला गाईचं काय म्हाईत न्हाई. शहरातली आसंल.” मग वासरीच्या तोंडातली बाटली सरळ करत म्हणाली, “तिला रागवू नगा ताई. नवीन आसंल बिचारी.”

ती बाई नाही, यंत्र आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. चहा गोडमिट्ट होता, तो सगळा प्यायले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. आमचा टीम लीड माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार मुलगा आहे, वाईट नाही. शांतपणे म्हणाला, “मॅडम, वाईट झालं, पण हा एज केस आहे.” एज केस म्हणजे क्वचित घडणारी, कडेची गोष्ट. मी म्हणाले, “ज्या घरात गाय व्याली आहे त्या घरात हा कडेला नसतो, मधोमध असतो.” तो म्हणाला, “ओके, ‘बसली’ हा शब्द ॲड करू या.” मग मी भडकलेच. म्हटलं, एक शब्द घालून काय होणार? गाय अडली, वार पडली नाही, पान्हा चोरला, पोट धरलं, वैरणीला तोंड लावत नाही, एवढं सगळं कोण सांगणार त्याला? तिथंच कागद ओढून मी भराभर लिहीत गेले. तुमच्या तोंडचे शब्द एकामागून एक येत होते, पन्नासच्या वर भरले. त्यानं कागद हातात घेतला.

“याचा सोर्स काय, मॅडम?”

“माझे वडील.”

“म्हणजे, काही डॉक्युमेंट आहे का त्यांचं?”

नव्हतं. तुमच्या नोंदवह्या सरकारी, त्या दवाखान्यातच राहिल्या, आणि ती इमारतही आता पडून गेली.

भांडभांड भांडले, अण्णा. शेवटी एवढं झालं की ॲप उघडताच वर एक लाल बटण दिसतं. ते दाबलं की सरळ माणसाला फोन लागतो, यंत्र मधे येत नाही. ते व्हायला दोन महिने लागले. पुढच्या महिन्यात डिझाईन बदललं आणि कुणी तरी ते बटण मेनूच्या आत सरकवलं, कारण लाल रंग शोभत नव्हता. पुन्हा भांडून वर आणलं. आता दर अपडेटला मी आधी ते बटण जागेवर आहे का बघते. ‘इतर’ काढून टाकला. त्या जागी ‘माझ्या शब्दांत सांगते’ असं घातलं, आणि ते यंत्र ऐकत नाही, जामखेडला एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक बसवलेत, ते ऐकतात. किती दिवस ठेवतील त्यांना, माहीत नाही. पुढच्या तिमाहीत पुन्हा सगळं नव्यानं लिहायचं चाललंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला घेतानाच माहीत होतं. पण एक गोष्ट मी वर गाळली. मी निघाले तेव्हा मावशी रस्त्यापर्यंत आली होती. म्हणाली, “ताई, खरं सांगा. मला फोन चालवता येत न्हाई, म्हनून झालं का ह्ये? माजंच चुकलं का?” आणि मी म्हणाले, “नाही मावशी, त्या दिवशी आमचा सर्व्हर बंद पडला होता.” ती म्हणाली, “मग कुनाचाच दोस न्हाई म्हना,” आणि तिला जरा हलकं वाटलेलं दिसलं. मलाही वाटलं.

सर्व्हर त्या दिवशी एक मिनिटसुद्धा बंद नव्हता, अण्णा. तुमचा पत्ता नाही, म्हणून तुम्हाला हे लिहिणं सोपं गेलं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे.